मनगटावर पट्टा बांधला, पुढे काय?

माझ्या मनगटावरचं घड्याळ मी टाळ्या वाजवल्या तरी अधूनमधून पावलं मोजतं. बिचाऱ्याला फक्त हाताचे हेलकावे कळतात. असल्या चुका चटकन पकडता येतात. अवघड असतं ते हे तपासणं, की मोजल्यामुळे माणूस बदलतो का?

2016 साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. वजन जास्त असलेली 471 तरुण माणसं, दोन वर्षं. पहिले सहा महिने सगळ्यांना आहार-व्यायामाचा एकच कार्यक्रम. त्यानंतर एका गटाला हालचाल मोजणारा पट्टा मिळाला, दुसऱ्याने व्यायामाच्या नोंदी स्वतःच ठेवल्या. शेवटी नोंदी ठेवणाऱ्यांचं वजन सरासरी 5.9 किलोने उतरलेलं होतं, पट्टेवाल्यांचं 3.5 किलोने! पट्टा वाईट असतो, असा याचा अर्थ मी घेत नाही. पण आकडा समोर दिसला की माणूस आपोआप सुधारतो, ही समजूत मात्र त्या दिवशी लंगडी पडली.

मनाच्या आरोग्याची ॲप्स तपासताना तर आणखी एक घोळ होतो, तो गळतीचा. 93 ॲप्सचा वापर पाहणारा एक अभ्यास 2019 मध्ये झाला. ॲप घेतलेल्यांपैकी पंधरा दिवसांनंतरही ते उघडणारे किती? मध्यक, म्हणजे सगळी ॲप्स चढत्या क्रमाने लावली तर मधल्याचा आकडा, 3.9 टक्के. महिन्याने 3.3. म्हणजे शंभरातले तीन-चार टिकले. आता ‘महिनाभर वापरणाऱ्यांना बरं वाटलं’ असं कोणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच, की बाकीचे शहाण्णव कुठे गेले? ज्यांना बरं वाटत होतं तेच टिकले असतील, तर श्रेय ॲपला कसं द्यायचं?

तुलना कोणाशी केली, हेही बघावं लागतं. ‘वोबॉट’ या गप्पा मारणाऱ्या ॲपची 2017 मधली चाचणी 70 तरुणांवर झाली. काहींना वोबॉट दिला, काहींना नैराश्याची माहिती देणारं ई-पुस्तक. वोबॉटवाल्यांची नैराश्याची लक्षणं कमी झाली. छान. पण मुदत होती अवघी दोन आठवडे, आणि रोज विचारपूस करणाऱ्या ॲपसमोर मुकं पुस्तक म्हणजे सामना जरा एकतर्फीच. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी देता येते. ॲपची तशी पोकळ जुळी आवृत्ती बनवायची, तर तिच्यातून नेमकं काय काढायचं, यावरच वाद सुरू होतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती ‘हार्टस्टेप्स’ या, लोकांना चालतं करू पाहणाऱ्या फोन-ॲपच्या प्रयोगातली. त्यात माणसांचे गट पाडलेच नाहीत, क्षण वाटून घेतले. दिवसातून पाच वेळा फोन जणू चिठ्ठी टाकायचा: आता सूचना द्यायची की गप्प बसायचं? मग पुढच्या अर्ध्या तासात किती पावलं पडली ते मोजायचं. असं सहा आठवडे, 44 जणांबरोबर. त्यामुळे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत राहिली. ‘थोडं चालून या’ या सूचनेने पावलं वाढली. ‘उभे राहा, हातपाय ताणा’ या सूचनेने फारसं काही हललं नाही. आणि चालण्याच्या सूचनेचाही असर सुरुवातीला चांगला असला, तरी आठवड्यागणिक ओसरत गेला. सारखं टोकलं की कानाआड करायची सवय लागते, मग टोकणारा फोन का असेना.

म्हणून पुढच्या आवृत्तीत ‘हार्टस्टेप्स’च्या गणितात आणखी एक हिशेब घातला गेला. गेल्या काही दिवसांत या माणसाच्या कानीकपाळी किती वेळा ओरडून झालंय, ते बघूनच आता बोलायचं की नाही, हे फोन ठरवू लागला.