दिवाण आणि दिवाणखाना : ग्राहकांसाठी थोडी माहिती

‘हॉलसाठी दिवाण हवाय’ असं म्हणत बरेच ग्राहक आमच्या गादी कारखान्यात येतात. दिवाणाला दिवाण का म्हणतात, असंही कुणी कुणी विचारतं. गादी मापाला टाकली की चहाबरोबर आम्ही जे सांगतो, तेच इथे छापलं आहे.

फारसीत ‘दीवान’ म्हणजे आधी नोंदवही. सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांच्या तनख्याची नावनिशीवार नोंद ठेवली, ती दीवान. उर्दू शायराच्या काव्यसंग्रहालाही दीवानच म्हणतात. वही जिथे राहायची त्या कचेरीला तेच नाव पडलं आणि कचेरीच्या मुख्य कारभाऱ्यालाही. १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. कोर्टातला दिवाणी दावा याच घराण्यातला. ‘खाना’ म्हणजे घर, जागा. कारखाना, दवाखाना, तोफखाना यांतला.

म्हणजे दिवाणखाना ही मूळची कारभाराची जागा. आपल्या वाड्यांत रोजचा कारभार सदरेवर चाले. दिवाणखाना बहुधा वरच्या मजल्यावर, दर्शनी बाजूला, मानाच्या पाहुण्यांसाठी. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब एकदा जवळून बघा, म्हणजे या खोलीवर माणसं किती जीव टाकत ते कळेल. फ्लॅटच्या नकाशात तिचा ‘हॉल’ झाला, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. लग्नाची बोलणी अजून तिथेच होतात ना!

आता बसायचा दिवाण. तुर्की दरबारी दालनात भिंतीच्या कडेने गाद्या आणि तक्के मांडलेले असत. खोलीचं नाव त्या बैठकीला चिकटलं आणि युरोपभर गेलं.

बैठक भिंतीची, म्हणून दिवाण सांगताना नुसती लांबी-रुंदी देऊ नका. तो कुठल्या भिंतीला लागणार, खिडकीची कड किती उंचीवर आहे, तेही सांगा. सहा बाय तीनच्या दिवाणाला पाठीशी तीन-तीन फुटांचे दोन लोड बसतात. ते आम्ही कापसाचेच भरतो. कापूस दबला तर शिवण उसवून पुन्हा पिंजून भरता येतो, फोमचं तसं होत नाही. खोळीला चेन लावत नाही, ती टेकणाऱ्याच्या पाठीला टोचते. दोन्ही टोकांना नाडी असते. धुवायला काढाल त्या दिवशी लोडही उन्हात टाका.