खुलासा: ‘नापास’ अग्निशमन दलाला टाळं लागतं का?

इंग्लंडमधल्या एखाद्या अग्निशमन दलावर तपासणी अहवालात ताशेरे आले की दोन समज हमखास फिरतात: ही तपासणी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीमुळे घाईघाईने सुरू झाली, आणि नापास दल निरीक्षक बंद करू शकतात.

पहिला समज का रुजला हे कळण्यासारखं आहे. आग लागली १४ जून २०१७ ला, आणि पोलिसांची तपासणी करणाऱ्या निरीक्षणालयाकडे अग्निशमन दलंही आली ती पुढच्याच महिन्यात. पण त्यासाठीचा कायदा जानेवारीतच झाला होता.

दुसरा समज मात्र साफ चुकीचा. निरीक्षक कुणाला काढत नाहीत, दंडही करत नाहीत. दल किती परिणामकारक आहे, पैसा नि मनुष्यबळ नीट वापरतं का आणि स्वतःच्या माणसांना कसं वागवतं, हे पाहून ते श्रेणी देतात आणि अहवाल जाहीर करतात. तिसऱ्या निकषाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या दलावर वाढीव देखरेख आली, त्यामागे मुख्य चिंता होती ती दलातल्या भेदभावाची आणि दादागिरीची. बंब तेव्हाही रोज धावतच होते!

सुधारणा करायची ती स्थानिक अग्निशमन प्राधिकरणाने. कृती आराखडा मात्र त्याला करावाच लागतो. इमारतींमधली अग्निसुरक्षा तपासणं हे निरीक्षकांचं नव्हे, प्रामुख्याने दलाचंच काम. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं; स्कॉटलंडचं निरीक्षणालय वेगळं आहे.