दुर्बीण अंधुक दिसते? स्क्रूला हात लावण्याआधी हे वाचा

कासचा हंगाम जवळ आला की मंडळी एकच प्रश्न घेऊन दुकानात येतात. "दोन्ही दुर्बिणींवर ८x४० लिहिलंय, मग मित्राच्या दुर्बिणीतून लख्ख आणि आमच्यातून मळकट का दिसतं?" आकडे (आठ पट मोठं चित्र, ४० मिलिमीटरचं पुढचं भिंग) सारखे असले तरी आतली काच सारखी नसते.

प्रकाश काचेत शिरताना आणि बाहेर पडताना दर वेळी थोडा परत फिरतो. लेप नसलेल्या साध्या काचेवर एका पृष्ठभागाला साधारण ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साध्या पोरो (वाकड्या नळ्यांच्या नेहमीच्या) दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग सहज भरतात, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचेतो तिसरा हिस्सा गेला. शिवाय परतलेला उजेड आतच घुटमळतो आणि चित्र पांढुरकं करतो. चांगल्या मल्टिकोटिंगने, म्हणजे काचेवर एकावर एक दिलेल्या पातळ लेपांनी, ४ टक्क्यांचा अर्धा टक्का होतो. दुर्बीण ट्यूबलाइटखाली तिरपी धरून पुढच्या भिंगात बघा. ट्यूबची प्रतिबिंबं मंद हिरवी-जांभळी असतील तर लेप आहे. एखादं पांढरं झगझगीत दिसलं तर तिथे कंपनीने हात आखडलाय. लालभडक भिंगांच्या दुर्बिणी आम्ही ठेवतच नाही. तो लाल म्हणजे बाहेर फेकलेला प्रकाश, आतून सगळं निळसर-हिरवं दिसतं.

दुसरी गळती लोलकात, म्हणजे उलटं चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यात. लोलक दोन प्रकारच्या काचेचे असतात. बीके-७ काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) १.५१७, बीएके-४ चा १.५६९. बीके-७ मध्ये कडेचे तिरपे किरण पूर्ण परावर्तित न होता निसटतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नाही). डोळ्याच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. तो गोल हवा. कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या असतील तर लोलक बहुधा बीके-७ चा. खोक्यावरच्या छपाईपेक्षा या ठिपक्यावर भरवसा ठेवा. ८x४० मध्ये तो ५ मिलिमीटरचा असतो आणि भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीनच मिलिमीटर, म्हणून ठिपक्याच्या करड्या कडा डोळ्यात शिरतच नाहीत आणि दुपारी दुकानात ही गळती कळत नाही. ती कळते दिवेलागणीला, यवतेश्वरच्या घाटात.

आता आमचा खरा वेळ जातो ते सांगतो. पावसाळ्यात आत बुरशी धरते, चित्र धुरकटतं, आणि लोक घरीच घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने दुर्बीण खोलतात. बुरशी पुसली जाते, पण लोलक केसभर सरकतो आणि एकाची दोन चित्रं होतात. नुसती बुरशी असेल तर साफसफाईचं काम लवकर उरकतं. सरकलेला लोलक मात्र दोन्ही नळ्या एका रेषेत येईपर्यंत पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. "एवढ्याशा स्क्रूचे एवढे पैसे?" असं विचारतात, पैसे स्क्रूचे नाहीत, त्या जुळवणीचे आहेत. खोललेली दुर्बीण आणलीत तर तसं आधीच सांगा, आम्ही रागावत नाही. निदान दिवसभर शोधत तरी बसत नाही.

बाहेरची काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ कापड. दुर्बीण चामड्याच्या केसऐवजी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. नवी पुडी आमच्याकडे मिळते.

नवी घ्यायची असेल तर दुपारी येऊ नका. संध्याकाळी उजेड उतरल्यावर जुनी दुर्बीण घेऊन या. दोन्हींतून अजिंक्यताऱ्याची तटबंदी बघा, मग भावाचं बोलू.