जागतिक जोखमींचं जाळं

युद्ध, साथी, दुष्काळ, मंदी, सायबर हल्ले अशी एका देशात न मावणारी संकटं म्हणजे जागतिक जोखमी, आणि जाळं अशासाठी की ही सहसा एकेकटी येत नाहीत. या गुंत्याला हल्ली पॉलिक्रायसिस म्हणतात. शब्द फ्रेंच विचारवंत एदगार मोरँ यांनी १९९० च्या दशकात वापरला, गाजला मात्र २०२२ च्या आसपास, इतिहासकार अ‍ॅडम टूझ यांच्यामुळे. आपल्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’ आहेच, पण त्यात संकटं नुसती एकत्र येतात, इथे एक दुसऱ्याला जन्म देतं.

उदाहरण म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यातली किराणा दुकानातली तेलाची पिशवी घ्या. २०२१ मध्ये कॅनडात दुष्काळ पडून कॅनोला हे तेलबियांचं पीक गेलं, मग ब्राझील-अर्जेंटिनात पाऊस कमी होऊन सोयाबीन घटलं, मलेशियात कोविडमुळे बाहेरचे मजूर येईनात म्हणून पामची फळं काढायला माणसं नाहीत, आणि हे सगळं चालू असतानाच २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, जिथून आपलं बहुतेक सूर्यफूल तेल यायचं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने घरचे भाव आवरायला पाम तेलाची निर्यातच थांबवली. म्हणजे दुष्काळ, साथ, युद्ध आणि निर्यातबंदी, चारही एकाच पिशवीत! त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तर भारतात गहू उन्हाने करपला आणि १३ मे ला आपणही गव्हाची निर्यात बंद केली. ज्यापासून युरिया बनतो तो नैसर्गिक गॅस महागल्याने युरियाही महागला, पण शेतकऱ्याला गोणी जुन्याच भावात मिळत राहिली, फरक सरकारने भरला आणि २०२२-२३ ची खत सबसिडी अडीच लाख कोटींच्या वर गेली.

आता लोकांना यातलं काय दिसतं, तर बातमीत असेल ते. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम २००६ पासून दरवर्षी जोखमींचा अहवाल काढतं, त्यातली क्रमवारी जगभरच्या तज्ज्ञांच्या सर्व्हेवरून ठरते, म्हणजे ती मुळात भीतीची यादी आहे, भविष्यवाणी नाही (पेपरवाले हे हमखास विसरतात). जानेवारी २०२० च्या अहवालात संसर्गजन्य रोग परिणामाच्या (संकट आलं तर किती मोठं) यादीत दहावे होते आणि शक्यतेच्या (ते येईल का) पहिल्या दहात नव्हतेच, पुढच्या वर्षी परिणामात थेट पहिले.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की जी गोष्ट अनोळखी आणि भयंकर वाटते, आपल्या हातात नसते, तिची भीती आकड्यांपेक्षा मोठी होते. ९/११ नंतर अमेरिकेत लोक विमान सोडून गाडीने फिरू लागले, आणि त्यापायी वर्षभरात रस्त्यावर साधारण १,५०० माणसं जास्त मेली असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांचा अंदाज आहे.

उलटंही होतं, धोका येऊन ठेपलेला असतो पण त्याच्या मोठ्या नावाने तो कोणी ओळखत नाही. २०२३ च्या शेवटी येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे लाल समुद्राची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि जानेवारीपासून नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला. अहवालाच्या भाषेत ही भूराजकीय जोखीम. निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये तिचं रूप म्हणजे कंटेनरचं वाढलेलं भाडं, आणि पोचेपर्यंत घडाचा देठ हिरवा राहील का ही काळजी.