वझिरिस्तानात बोलणी कोणाशी? मलिक, जिरगा आणि फसलेले तह

२४ एप्रिल २००४ रोजी, पाकिस्तानच्या अफगाण सरहद्दीवरच्या दक्षिण वझिरिस्तानातल्या शकई इथल्या एका मदरशात पाकिस्तानी लष्कराच्या पेशावर कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सफदर हुसेन आले आणि त्यांनी नेक मुहम्मद वझीर नावाच्या तिशीच्या आतल्या एका कमांडरच्या गळ्यात हार घातला. महिनाभर आधीच, मार्चमध्ये, वाना गावाजवळच्या कलोशात याच नेक मुहम्मदच्या माणसांनी फौजेला चांगलाच मार दिला होता. सरकारने या कार्यक्रमाला समेट म्हटलं. नेक मुहम्मदने जाहीरपणे वेगळंच सांगितलं: मी त्यांच्याकडे गेलो नाही, ते माझ्याकडे आले, आता कोण कोणाला शरण आलं ते तुम्हीच ठरवा. पश्तून रिवाजात कोण कोणाच्या दारी जातो याला फार किंमत आहे. हरलेला किंवा चुकलेला माणूस समोरच्याच्या घरी जाऊन माफी मागतो, त्याला 'ननवाते' म्हणतात. त्यामुळे त्या हाराचा अर्थ काय, हे तिथल्या पोराटोरांनाही कळलं असणार.

अहमदझाई वझीर जमातीचे वडीलधारे त्या दिवशी हजर होते. पण सही आणि हार दोन्ही बंदूकवाल्याच्या वाट्याला गेले. जमातीच्या वडीलधाऱ्यांमार्फत सरहद्द सांभाळायची ही रीत तेव्हा शंभराहून अधिक वर्षांची होती. ती इथवर कशी आली, हे समजल्याशिवाय पुढचे तह का मोडले ते कळत नाही.

या रीतीचा एक धागा पुण्यातून जातो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ मध्ये कंपनीचा वकील म्हणून पेशावरला शाह शुजाच्या दरबारी गेला होता. पठाणांच्या टोळ्या आणि त्यांचे जिरगे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायती, यांबद्दल त्याने तिथे बरीच माहिती गोळा केली. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट होता आणि काबूलच्या राज्यावरचा त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये छापून आला. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार त्याच्याच हाती आला, तेव्हा दिवाणी तंटे पंचायतीने सोडवावेत असं त्याने ठरवलं. पण ही पंचायत सरकारी चौकटीत बसवल्यावर फार काळ टिकली नाही. कोर्टं आली, अपील आलं, आणि पंचांच्या शब्दाचं वजन कमी होत गेलं. सरहद्दीवर पुढे जे झालं त्याचा हा सौम्य नमुना म्हणता येईल.

खरी पद्धत बसवली ती रॉबर्ट सँडमनने, बलुचिस्तानात. १८७६ मध्ये त्याने कलातचा खान आणि त्याच्याशी भांडणारे सरदार यांच्यात मस्तुंगला समेट घडवला. पुढचं सूत्र सोपं होतं. सरदाराला तैनात, म्हणजे ठरलेला भत्ता, द्यायची, त्याच्याच टोळीतली माणसं रस्ते आणि ठाणी राखायला पगारावर घ्यायची, तंटे जिरग्यापुढे ठेवायचे आणि फौज हाकेच्या अंतरावर ठेवायची. हे चाललं, कारण बलुच सरदार वंशपरंपरेने सरदार होता. त्याचा शब्द टोळीत चालत असे, इंग्रजांनी पैसे देण्याआधीपासून.

वझिरिस्तानात असा सरदारच नव्हता. महसूद आणि वझीर या जमातींमध्ये ज्याच्यामागे भाऊबंद, ज्याच्याकडे पाहुण्याला जेवण आणि ज्याच्या जिभेला धार, तो वडीलधारा. आणि त्याचं मोठेपण त्याच्या मुलाला आपोआप मिळत नसे. सँडमनच्या हाताखाली तयार झालेला रिचर्ड ब्रूस याने तरीही तोच साचा महसुदांवर बसवला. मलिक, म्हणजे सरकारमान्य वडीलधारे, निवडले, त्यांच्या श्रेणी लावल्या, तैनाती ठरवल्या. १८९३ मध्ये बांधकाम खात्यातल्या केली नावाच्या माणसाचा खून झाला, तेव्हा ब्रूसने मलिकांकडून गुन्हेगार मागितले. मलिकांनी पाच जण आणून दिले, जिरग्याने त्यांना दोषी ठरवलं. सरकारच्या दृष्टीने पद्धत फळाला आली होती. थोड्याच दिवसांत त्या मलिकांपैकी तिघांचे खून झाले आणि मारेकऱ्यांना सरकार हात लावू शकलं नाही. उरलेल्या मलिकांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला. याच सुमाराला मुल्ला पोविंदा पुढे आला. त्याच्याकडे ना तैनात होती ना श्रेणी, पण इंग्रजांना अंगावर घ्यायची तयारी होती. ३ नोव्हेंबर १८९४ च्या पहाटे त्याच्या महसुदांनी वानाच्या छावणीवर हल्ला चढवला.

माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची बीजं १८९३ मध्येच आहेत. ज्याचं रक्षण करता येत नाही अशा माणसाला सरकारने पुढे केलं, आणि त्याची जागा मुल्लाने घेतली.

कर्झनने १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा काढला आणि त्याच वर्षी फ्राँटिअर क्राइम्स रेग्युलेशन, म्हणजे एफसीआर, नव्याने लागू झाला. टोळ्यांच्या मुलखात पोलीस नाहीत, कोर्टं नाहीत. पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर, हाच न्यायाधीश, हाच तिजोरीचा मालक. जिरग्यावर कोण बसणार हे तोच ठरवायचा आणि जिरग्याचा निवाडा मानायचा की नाही हेही तोच. एकाने गुन्हा केला तर सगळी जमात जबाबदार: घरं पाडायची, बाजार बंद करायचा, वाटेत सापडेल त्या भाऊबंदाला अडकवायचं. २०११ ची दुरुस्ती होईपर्यंत या सामूहिक अटकेतून बायका, १६ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे म्हातारेही कायद्याने वगळलेले नव्हते. मलिकाची गत वतनाच्या पाटलासारखी झाली, फरक इतकाच की गाव त्याला आपला मानायला बांधील नव्हतं. गावात बोलावं तर सरकारचा माणूस, कचेरीत जावं तर टोळीचा जामीनदार.

जिरग्याबद्दल उगाच हळवं व्हायचंही कारण नाही. त्यात बायकांना जागा नव्हती, आणि खुनाचा तंटा मिटवायला एका घरची मुलगी दुसऱ्या घरी देण्याची 'स्वरा' ही चाल अशाच बैठकांमधून चालत आली. तरी तोड काढून रक्तपात थांबवायची ताकद त्याच्यात होती, आणि ती ताकद तिथे जमलेल्या माणसांची स्वतःची होती.

१९३६ नंतर इपीचा फकीर मिर्झा अली खान याने उत्तर वझिरिस्तानात बंड पुकारलं. त्याला पकडायला इंग्रजांनी हजारो फौज उतरवली, तो कधीच सापडला नाही. १९६० मध्ये आपल्या मुलखातच वारला. मलिक त्याला आवरू शकले नाहीत. १९४७ नंतर जिनांनी वझिरिस्तानातून फौज काढून घेतली आणि एप्रिल १९४८ मध्ये पेशावरला टोळ्यांच्या जिरग्याला भेटून तैनाती चालू राहतील असा भरवसा दिला. एफसीआर तसाच राहिला. १९९७ पर्यंत या भागातून संसदेवर माणूस निवडून द्यायचा हक्कसुद्धा सर्वांना नव्हता, फक्त सुमारे ३५ हजार मलिक आणि मानकऱ्यांना होता. जो तरुण सौदीत किंवा कराचीत चार पैसे कमावून परत येई, त्याला गावच्या कारभारात काही स्थान नव्हतं.

मग अफगाण युद्ध आलं. १९८० च्या दशकात उत्तर वझिरिस्तानातलं मिरानशाह हे अफगाण मुजाहिदीन कमांडर जलालुद्दीन हक्कानीचं ठाणं झालं. अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा, बंदुका, मदरसे आले आणि यातलं काहीच मलिकाच्या हातून गेलं नाही. जो वाटप करतो त्याच्यामागे माणसं जातात. नेक मुहम्मदसारख्यांना वर यायला जी शिडी मिळाली ती हीच, आणि ती मलिकाच्या अंगणातून जात नव्हती.

२००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानातून पळालेले अरब आणि जिहादी नेता ताहीर युल्दाशेवचे उझबेक लढवय्ये दक्षिण वझिरिस्तानात शिरले. सरकारने एफसीआरचं जुनं हत्यार काढलं. वानाचा बाजार बंद केला आणि परदेशी पाहुणे हवाली करा, लष्कर उभारून त्यांना शोधा, असा हुकूम जमातीला सोडला. टोळीच्या सशस्त्र पथकाला तिथे 'लष्कर' म्हणतात. ही पथकं ढोल वाजवत निघाली, काही घरं पाडली आणि परत आली. शोधायची माणसं आपल्याच भाऊबंदांच्या घरी बंदुका घेऊन बसलेली असताना वेगळं काय होणार होतं? कलोशाची मोहीम फसल्यावर सरकार शकईला गेलं. परदेशी लोकांची नोंदणी करायचं ठरलं होतं की नव्हतं, यावरूनच काही आठवड्यांत दोन्हीकडे वाद पेटला. १८ जून २००४ रोजी नेक मुहम्मद अमेरिकी ड्रोनच्या क्षेपणास्त्राने मारला गेला. पाकिस्तानातला तो पहिला ड्रोन हल्ला मानला जातो.

पुढचा तह ७ फेब्रुवारी २००५ रोजी सरारोघाला महसुदांचा तालिबान कमांडर बैतुल्ला महसूद याच्याशी झाला. याच सुमारास अल-कायदाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी चार कमांडरांना ३ कोटी २० लाख रुपये दिल्याचं खुद्द कोअर कमांडरांच्या तोंडून बाहेर आलं. बाजाराला टाळं लागून ज्यांचं दिवाळं निघालं, त्या दुकानदारांनी हे ऐकलं तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करा.

५ सप्टेंबर २००६ चा मिरानशाहचा करार कागदावर तरी वेगळा होता. तो उतमानझाई वझीर जमातीशी, तिच्या वडीलधाऱ्यांच्या नावाने केला गेला. गव्हर्नर अली जान ओरकझाई स्वतः सरहद्दीतले, त्यांना ही रीत ठाऊक होती. फौजेने नाकी सोडायची, परदेशी लोकांनी जायचं किंवा शांतपणे राहायचं, सरहद्द ओलांडून हल्ले बंद. पण हमी घेणारे वडीलधारे आणि ती पाळण्याची ताकद असलेले हाफिज गुल बहादूरचे तालिबान, हे दोन वेगळे गट होते. जुलै २००७ मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीवर कारवाई झाली आणि करार संपला. डिसेंबरात बैतुल्लाच्या नेतृत्वाखाली तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, म्हणजे टीटीपी, उभी राहिली.

एक अपवाद इथे नोंदवायला हवा. २००७ च्या वसंतात वानाच्या अहमदझाई वझिरांनी उझबेकांना आपल्या मुलखातून हुसकून लावलं. पुढाकार मुल्ला नझीरचा होता, तो स्वतः तालिबान कमांडर, आणि सरकारची त्याला फूस होती. पण माणसं निघाली ती उझबेकांनी जमातीतल्या लोकांचे खून पाडले म्हणून. जमातीचं स्वतःचं कारण असलं की लष्कर ढोल वाजवून परत येत नाही.

दरम्यान वडीलधारे मारले जात होते. कोणी वाटेत गोळी घालून, कोणाचं प्रेत 'हेर' अशी चिठ्ठी लावून टाकलेलं. काही वर्षांत शेकडो मलिक गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये याच टोळी मुलखातल्या ओरकझईत अली खेल जमातीचा जिरगा तालिबानविरुद्ध लष्कर उभारायचं ठरवत बसला होता, त्यावर आत्मघातकी गाडी घातली गेली. तालिबानांना जिरग्याची ताकद सरकारपेक्षा चांगली कळत होती, असं म्हणावं लागतं.

दुसऱ्या बाजूनेही जिरगा सुटला नाही. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेलला क्रोमाइटच्या खाणीचा तंटा मिटवायला मलिक, दोन्ही पक्ष आणि सरकारी पगारावरचे टोळीतले शिपाई, म्हणजे खासादार, उघड्यावर बसले होते. बैठकीची आगाऊ खबर जवळच्या लष्करी ठाण्याला दिलेली होती. अमेरिकी ड्रोनची क्षेपणास्त्रं आली आणि सुमारे ४० माणसं मेली. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ते दहशतवादी असल्याचं सांगितलं. पाकिस्तानचे लष्करप्रमुख कयानी एरवी अशा हल्ल्यांवर गप्प असत, त्यांनीही उघड निषेध केला. कायद्याच्या चौकटीत राहून तंटा सोडवायला आलेले लोक एका बैठकीत संपले. यानंतर चार वडीलधाऱ्यांनी एका जागी बसणं हीच जोखीम झाली.

जून २०१४ मध्ये उत्तर वझिरिस्तानात झर्ब-ए-अझ्ब मोहीम सुरू झाली आणि सुमारे दहा लाख लोक घरं सोडून निघाले. छावण्यांत वाढलेल्या पिढीचा आवाज २०१८ मध्ये मंझूर पश्तीनच्या पश्तून तहफ्फुझ चळवळीतून ऐकू आला, मलिकांच्या कचेरीतून नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात २५व्या घटनादुरुस्तीने हा सगळा मुलूख खैबर पख्तुनख्वात विलीन झाला. एफसीआर गेला, पोलिटिकल एजंट गेला. पण कोर्टं आणि पोलीस कूर्मगतीने पोहोचले, आणि जुनी रीत मोडून नवी बसेपर्यंतच्या फटीत टीटीपी परत शिरली.

२०२२ मध्ये काबूलमध्ये टीटीपीशी बोलणी चालली होती तेव्हा सरकारला पुन्हा वडीलधारे आठवले. पन्नासहून अधिक जणांचा जिरगा जूनमध्ये काबूलला गेला. टीटीपीची मुख्य मागणी विलीनीकरण रद्द करा ही होती. ज्यांनी मलिक मारले, तेच मलिकांच्या काळची व्यवस्था परत मागत होते, कारण त्या व्यवस्थेत त्यांना मोकळं रान होतं. जिरग्याला यावर हो म्हणायचा अधिकार नव्हता; तो निर्णय संसदेचा. नोव्हेंबरच्या अखेरीस टीटीपीने शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर केलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात सरहद्दीवरच्याच बाजौरमध्ये मात्र जिरग्याने जे मागितलं ते काबूलपेक्षा साधं होतं. तालिबानांना त्यांनी सांगितलं की अफगाणिस्तानात परत जा, नाहीतर लढायचंच असेल तर वस्ती सोडून डोंगरात जाऊन लढा. बोलण्याच्या अनेक फेऱ्या झाल्या, तोड निघाली नाही. ऑगस्टमध्ये संचारबंदी लागली, फौजेची कारवाई पुढे गेली आणि हजारो कुटुंबांनी घरं सोडली.