कोल्हापूर-तिरुपती : अंतर तेवढेच, वेळ मात्र बदलत गेली

नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. बालाजीचे दर्शन अंबाबाईला आल्याशिवाय पुरे होत नाही, असे मानणारे भाविक तर बाराही महिने येतात. (अंबाबाई विष्णुपत्नी की आदिशक्ती, या वादात इथे शिरायला नको, कोल्हापुरात तो लवकर आटपत नाही.) त्यामुळे कोल्हापूर-तिरुपती विमानसेवेची मागणी हौसेची नव्हती, तिला कायमचे प्रवासी होते.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ते तिरुपती विमानतळ हे अंतर साधारण 655 ते 660 किलोमीटर भरते. रेल्वेला सरळ जाता येत नाही. हरिप्रिया एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल असा वळसा घेत दुसऱ्या दिवशी पोहोचवते. शाहू महाराजांच्या काळात, 1891 साली, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि आजही दक्षिणेकडे निघालेल्या कोल्हापूरकराला आधी मिरज गाठावेच लागते.

विमानतळही संस्थानी काळातलाच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, जानेवारी 1939 मध्ये तो सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मात्र विमानसेवा कधी आली, कधी गेली. किंगफिशरची मुंबई सेवा बंद पडल्यावर तर काही वर्षे नियमित विमानच नव्हते. लहान शहरे स्वस्तात विमानाने जोडण्यासाठी 2016 साली जाहीर झालेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेने चित्र पालटले. तासाभराच्या, म्हणजे सुमारे 500 किलोमीटरच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी 2,500 रुपयांची मर्यादा या योजनेने घातली. 2018 मध्ये मुंबई आणि वर्षअखेरीस हैदराबाद, बेंगळुरू जोडले गेले. 2019 मध्ये इंडिगोने तिरुपतीची सेवा सुरू केली.

ही सेवा एटीआर विमानाची होती. पंख्याचे हे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे हवेतलाच सव्वा तास. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे, रांगेत थांबणे. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते, म्हणून तिकिटावर दीड तासाहून जास्त दिसते. पुढे आलेल्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर जेटला हेच अंतर तासाभरात कापता येते.

मग आधीच जेट का नाही आणले? अडचण धावपट्टीची होती. ती जेमतेम 1,370 मीटर होती. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंच. इथल्या विरळ हवेत, विशेषतः उन्हाळ्यात, विमानाला उड्डाणासाठी जास्त लांब धावावे लागते. धावपट्टी 1,930 मीटरपर्यंत वाढवली गेली, रात्री विमान उतरवण्याची सोय झाली, मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले. टर्मिनलचे फोटो सगळ्यांनी काढले, पण वाढीव मीटर जास्त महत्त्वाचे होते.

पुढचे लक्ष्य 2,300 मीटरचे आहे. तेवढी धावपट्टी झाली तर एअरबससारखी मोठी विमाने उतरू शकतील. तिरुपतीची वेळ त्याने फारशी घटणार नाही, कारण इतक्या जवळच्या मार्गावर चढण्या-उतरण्याची वीस-पंचवीस मिनिटे कुठल्याच विमानाला चुकत नाहीत. फरक पडेल तो दिल्लीसारख्या लांबच्या मार्गांना.