मागचं परडं, पुढची बाग: बेळगावच्या घरबागेची पार्श्वभूमी

बेळगावात आज बागेचा आराखडा गेटापासून सुरू होतो. जुनी घरबाग मात्र घरामागे असायची आणि तिची आखणी पाण्यावरून ठरायची. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत परड्यात विहीर. न्हाणीचं पाणी उतारानं जिथं जाईल तिथं केळी, कर्दळ, अळू. जरा कोरड्या जागी शेवगा, कढीपत्ता, लिंबू. जास्वंद आणि अबोली पूजेच्या वेळी हाताशी येतील अशी दाराजवळ. कागदावर रेघ न ओढता केलेलं हे नियोजनच होतं, आणि उत्तम होतं.

१८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढं कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, बंगले उठले: मधोमध घर, भोवती ऐसपैस आवार, दर्शनी बाजूला फुलझाडं. बाग आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून लावली जाऊ लागली. परदेशी झाडंही रुळली. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. घाणेरी भारतात आली तीही शोभेसाठी, आणि आज सह्याद्रीच्या रानात तिनं थैमान घातलंय.

टिळकवाडीच्या जुन्या घरांनी दोन्ही गोष्टी जमवल्या. पुढं मोगरा आणि क्रोटन, मागं विहीर आणि फणस. या भागातली सगळ्यात शहाणी रचना मला तीच वाटते. याच टिळकवाडीत १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी खास विहीर खोदली होती. ती 'काँग्रेस विहीर' आजही आहे. घरोघरी नळ आले तशा परड्यातल्या कितीतरी विहिरी मात्र बुजल्या, आणि त्यांच्याबरोबर मागची बागही गेली.

उरली ती पुढची हिरवळ. एप्रिल-मेमध्ये तिला रोज पाणी लागतं. शिवाय हा प्रदेश एकसारखा नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडे पावसाळ्यात पाणी आवाराबाहेर कसं काढायचं ही चिंता, तर कोरड्या भागातल्या अथणीच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. एकच आराखडा दोन्हीकडे कसा चालेल?

३० बाय ४० फुटांच्या साईटवर (प्लॉटवर) घर बांधून मागं चार फुटांची पट्टी उरली, तरी केळीचा एक खुंट आणि अळूची ओळ मावते. न्हाणीचा पाइप गटाराऐवजी तिकडं वळवायचा, तर प्लंबरला ते फरशी बसण्याआधीच सांगायला हवं.